उपाशी मरळीचा पित्ता

माझ्या संशोधनातली पहिली खरी गोष्ट मला माझ्या मोठ्या बहिणीनं सांगितली. तेव्हा ती अंगणात बसून मासे चिरत होती. तिला मी बाई म्हणायचो.

आम्ही ढिवर. चांदा जिल्ह्यात आरमोरीजवळ आमचं गाव. बाबा तलावात आणि वैनगंगेत जाळं टाकायचे, बाई मासे साफ करून आरमोरीच्या बाजारात विकायची. आई मी रांगत होतो तेव्हाच गेली. बाईचा नवराही लग्नानंतर लवकरच तापानं गेला आणि ती माहेरी परत आली. मला वाढवलं ते तिनं. पन्नास सालानंतर शिष्यवृत्तीवर मी नागपूरला कॉलेजात गेलो, रसायनशास्त्र घेतलं आणि पुढं तिथल्याच एका प्राध्यापकांकडे संशोधनाला लागलो.

विषय समजायला अवघड नाही. आपण खाल्लेलं प्रथिन पोटात तुटत तुटत जातं आणि शेवटी त्याचे दोन-चार मण्यांच्या माळेसारखे बारीक तुकडे उरतात. त्यांना पेप्टाइड म्हणतात. आतड्याच्या अस्तरातली काही एन्झाइमं या माळा तोडून मणी सुटे करतात. मरळ या माशाच्या आतड्यात हे एन्झाइम किती जोमाचं असतं, ते मी शोधत होतो. दोनच मण्यांचं पेप्टाइड घ्यायचं, त्यात आतड्याचा अर्क घालायचा, काही तास उबेत ठेवायचं आणि त्यातला थेंब एका खास कागदावर चढवायचा. कागदावर औषध फवारून तो तापवला की जांभळे डाग उमटायचे. एकच डाग आला तर माळ अजून शाबूत. दोन आले तर तुटली.

वर्षभर माझे डाग एकमेकांशी जुळेनात. सोमवारच्या मरळीनं सगळं पेप्टाइड तोडून ठेवावं, आणि गुरुवारी त्याच बाजारातल्या, तेवढ्याच वजनाच्या मरळीनं त्याला हातही लावू नये. मी भांडी पुन्हा पुन्हा धुतली, औषधं नव्यानं बनवली.

सर म्हणाले, "मासे जिवंत आणता ना?"

"हो सर, माझ्यासमोर उड्या मारत असतात."

"मग तुमचा हात स्थिर नाही."

ते मला फार लागलं. हात स्थिर नाही असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. पण मासे आमच्या घरचा धंदा आहे, हे मी सरांना सांगितलं नव्हतं. कॉलेजात कुणालाच सांगितलं नव्हतं.

दिवाळीच्या सुटीत ग्लिसरीनच्या बाटल्या पिशवीत भरून मी गावी गेलो. ताज्या माशांच्या आतड्याचा अर्क ग्लिसरीनमध्ये टिकतो, म्हणून तलावावरच तो काढायचा विचार होता. बाई पावशीवर, म्हणजे आमच्याकडच्या विळीवर, मासे चिरत होती. मी शेजारी बसून आतडी मागू लागलो.

"काऊन रे भाऊ, हे घान काऊन पाह्यजे तुले? नागपुरात शिकून राह्यला का आतडे धुवून राह्यला?"

मी तिला सगळं सांगितलं. डागांचं, सोमवारचं, गुरुवारचं. तिनं हातातलं काम न थांबवता ऐकलं. मग विचारलं, "बाजारातली मरळ कुठी ठेवते तो मासेवाला?"

"मडक्यात. पाणी घालून. जिवंत असते, बाई."

ती हसायला लागली. "जिती हाये म्हून जेवली हाये का? मरळ मडक्यात आठ-आठ दिस जिती राह्यते. तिले खायाले कोन देते?"

तिनं दोन मासे पुढं ओढले, पोटं उघडली आणि पावशीच्या टोकानं दाखवलं. एकाचं पित्ताशय फुगलेलं, गर्द हिरवं. दुसऱ्याचं चिमलेलं, फिकट.

"हा भरला पित्ता पाह्य. हे परवाची, मडक्यातली, उपाशी. अन् हे आज जाळ्यात आली, खाऊन-पिऊन. खाल्लं का पित्ता रिकामा होते. पित्ता फुटला तर सारा मासा कडू होते, म्हून आमी आंधी त्यालेच पाह्यतो."

पित्त जेवणाबरोबर आतड्यात उतरतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. वाचूनही मला ते दिसलं नव्हतं. त्या सुटीत मी फिकट पित्त्याच्या माशांचे अर्क वेगळे आणि हिरव्याचे वेगळे भरले. नागपूरला जाऊन कागद चढवले. फिकट पित्त्याच्या, म्हणजे जेवलेल्या माशांच्या बाटल्यांनी पेप्टाइड पार तोडलं. हिरव्या पित्त्याच्या, उपाशी माशांच्या बाटल्यांत पहिला डाग जवळजवळ तसाच राहिला.

सरांनी कागद शेजारी शेजारी ठेवले आणि पित्त्यावरून मासे कसे वेगळे केले ते माझ्याकडून ऐकलं. मग म्हणाले, "ही निवड कुणी केली?"

क्षणभर वाटलं, गावातल्या कुणा मासेवालीनं, असं सांगून मोकळं व्हावं. पण तोंडून निघालं, "माझ्या बहिणीनं, सर. आम्ही ढिवर आहोत. ती बाजारात मासे चिरते."

सर म्हणाले, "मला त्यांना भेटायचं आहे."

आणि ते खरंच आले. कोट घालून, बसमधून, मांडीवर बाटल्यांची पेटी घेऊन. बाबांनी नवं धोतर नेसलं होतं. मी घरातला वास जावा म्हणून सकाळपासून अंगण सारवत होतो. सर सरळ आत आले आणि बाईसमोर पाटावर बसले.

त्यांनी परीक्षाच मांडली होती. काही मासे मडक्यात ठेवलेले, काही बाबांनी पहाटे धरलेले, सगळे एकाच टोपलीत मिसळले. बाई एकेक मासा चिरून सांगायची, "उपाशी." "जेवलेली." सर ते आपल्या वहीत लिहायचे आणि वही माझ्यापासून लांब धरायचे. मी आतड्याचं अस्तर खरवडून बाटलीत भरायचो; कुठली बाटली कुठल्या माशाची ते मला ओळखता येऊ नये म्हणून तिच्यावर सर मला न दाखवता कुठलाही एक आकडा घालायचे. एका माशापाशी बाई थबकली. पित्ता उजेडाकडे धरून तिनं दोनदा पाहिला.

"हे मले नाई समजत, जी."

"काहीतरी एक सांगा," सर म्हणाले.

"समजत नाई तं कसं सांगू? खोटं काऊन बोलू?"

सरांनी वहीत प्रश्नचिन्ह काढलं. निघण्याआधी त्यांनी विचारलं, "बाई, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"कोनी नाई जी. चिरता चिरता समजते."

नंतर ते आमच्याकडे मरळीचा रस्सा आणि भात जेवले, आणि रस्सा पुन्हा मागून घेतला. बाबा दारात उभे राहून बघत होते. त्यांची छाती फुगलेली मला दिसत होती आणि माझीही कमी नव्हती.

नागपूरला मी आकड्यांप्रमाणे सगळे कागद चढवले. डाग उमटल्यावर सरांनी वही उघडली आणि आम्ही एकेक ताडून पाहिलं. बाईचं एकही उत्तर चुकलं नव्हतं. प्रश्नचिन्हाच्या बाटलीचा डाग अधलामधला होता; पेप्टाइड अर्धवट तुटलं होतं. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ही बाई प्रयोगशाळेत असती तर..." एवढंच म्हणून ते थांबले. मग म्हणाले, "तुमच्या हाताबद्दल मी बोललो होतो. ते मागे घेतो."

पुढची दोन वर्षं काम सरळ चाललं. प्रबंधात मासे निवडण्याची रीत मी पित्ताशयाच्या रंगावरून तपशिलानं लिहिली, आणि ती आमच्याकडच्या मासे चिरणाऱ्या बायकांची आहे, हेही लिहिलं. आभाराच्या पानावर सगळ्यात वर बहिणीचं नाव घातलं. ते पान घेऊन मी गावी गेलो आणि तिला वाचून दाखवलं. मला वाटलं, तिचे डोळे भरून येतील.

तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मासे कोनी धरले?"

"बाबांनी."

"मंग बाबाचं नाव कुठी हाये?"

मी खजील झालो. ते पान फाडलं आणि तिथंच अंगणात बसून दुसरं लिहिलं. बाबा जाळं विणत होते, ऐकत नसल्यासारखं दाखवत. मी त्यांचं नाव मोठ्यानं वाचलं तेव्हा त्यांचा हात थांबला.

"पुन्हा वाच," ते म्हणाले.