भिंतीला आलेलं पोट

सकाळी आधी त्याचे गुडघे बोलायचे, मग तो. पलंगाच्या कडेवर बसून, दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून मिनिटभर तसाच राहायचा आणि मग कोणालाच उद्देशून नाही असं "चला" म्हणत उठायचा. वय त्रेपन्न. साइटवर सगळे त्याला ओळंबेकाका म्हणत, कारण कुठला ठोकळा किती बाहेर गेलाय ते ओळंबा सोडायच्या आधीच तो नुसत्या डोळ्याने सांगायचा.

मूळचा तो गवंडी, विटांवर हात बसलेला. गेली अठरा वर्षं मात्र पुलाच्या चढाला दोन्ही बाजूंनी ज्या उंच भिंती असतात, त्या तो उभ्या करत होता. समोरून दिसतात ते नुसते काँक्रीटचे ठोकळे, सिमेंटचा मसाला न लावता एकावर एक रचलेले. खरं काम मागे असतं. ठोकळ्यांचे दोन थर झाले की मागच्या भरावावर प्लॅस्टिकची जाड जाळी अंथरायची, तिचं एक टोक ठोकळ्यांत अडकवायचं, दुसरं ओढून ताणून खुंट्या मारायच्या, वर माती टाकून रोलर फिरवायचा. पुन्हा ठोकळे, पुन्हा जाळी. माती जाळीला धरते, जाळी ठोकळ्यांना. जाळी सैल राहिली किंवा जड रोलर ठोकळ्यांच्या दीड मीटर आत आला, की आज ना उद्या भिंतीला पोट येतं. कडेच्या पट्ट्यात हाताने ढकलायचं छोटं यंत्रच फिरवा, हे तो दिवसातून दहादा ओरडून सांगायचा. सांगून सांगून त्याचा आवाज कायमचा बसला होता.

या कामावर त्याने मेव्हण्याला घेतलं. म्हणजे बायकोने घ्यायला लावलं. मेव्हणा तिचा धाकटा भाऊ, पस्तिशीचा. मोबाइल दुरुस्तीचं दुकान बंद पडल्यापासून घरीच होता.

"तुम्ही मुकादम असताना तो घरी बसतो, बरं दिसतं का?" ती म्हणाली.

"त्याला उन्हात उभं राहायची सवय नाही गं."

"तुम्हाला तरी आईच्या पोटातून होती का?"

मेव्हणा आला आणि आठवड्याभरात सगळ्या साइटचाच मेव्हणा झाला. रोलरवाला, पाण्याच्या टँकरवाला, सगळे त्याला "काय मेव्हणे!" म्हणून हाक मारायचे. हात चलाख, तोंड त्याहून चलाख. फक्त एक काम पुरतं संपवून दुसऱ्याला हात घालायचा, हे त्याच्या रक्तातच नव्हतं.

एके दिवशी बायकोचे डोळे दाखवायचे होते. दोन महिने ती तांदूळ निवडताना ताट खिडकीपाशी धरत होती. निघण्याआधी त्याने मेव्हण्याला भरावावर नेऊन सगळं पुन्हा सांगितलं. जाळी ताणायची, खुंट्या मोजून मारायच्या, रोलरवाल्यासमोर स्वतः उभं राहायचं.

"भावजी, तुम्ही ताईला घेऊन जा निवांत. मी आहे ना," मेव्हणा म्हणाला.

दवाखान्यात तिच्या डोळ्यांत औषध घातलं. बाहेर आल्यावर तिला ऊन सोसेना. डोळे मिटूनच चालत होती, आणि तो तिचा दंड धरून "पायरी आहे, खड्डा आहे, आता सरळ" असं सांगत होता. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, पण इतका वेळ हात धरून दोघं कधी चालले नव्हते. तिला घरी सोडेपर्यंत संध्याकाळ झाली.

दुसऱ्या दिवशी तो भरावावर गेला तर जाळीवर माती पडून, रोलर फिरून, वर ठोकळ्यांचे नवे दोन थर बसलेले. थर सरळ होते.

"जाळी ताणली होतीस ना?"

"भावजी, बोट मारलं असतं तर वाजली असती!"

माती उकरून बघायला हवी होती, हे त्याला कळत होतं. पण समोर ठोकळ्यांची गाडी येऊन उभी होती, गुडघे ठणकत होते, आणि मेव्हण्यावर विश्वास ठेवणं हे त्या क्षणी सगळ्यात कमी कष्टाचं काम होतं. आदल्या दिवसाच्या कामाच्या तपासणी-कागदावर त्याने सही केली.

दोन महिन्यांनी भिंत एकतीस थरांवर गेली तेव्हा इंजिनिअर बाईंनी खालून वरपर्यंत दोरी धरली. तिशीच्या आतल्या, कमी बोलणाऱ्या बाई. चौदाव्या-पंधराव्या थराशी ठोकळे दोरीच्या तीन बोटं बाहेर आले होते. त्याने हात फिरवून पाहिला. तळहाताला फुगवटा लागला.

"काका, उतरवावी लागेल," बाई म्हणाल्या.

विटांची भिंत पाडता येते. ही पाडता येत नाही, उलट्या क्रमाने सोडवावी लागते. वरचा ठोकळा काढा, माती उपसा, जाळी गुंडाळा, खालचा ठोकळा काढा. जे रचायला दोन महिने लागले होते ते अकरा दिवस उतरवत होते. आपणच बसवलेला एकेक ठोकळा पुन्हा छातीशी धरून खाली ठेवताना माणसं आपसांत थट्टासुद्धा करेनाशी झाली. बाराव्या दिवशी ती जाळी उघडी पडली. चुरगळलेल्या चादरीसारखी घड्या पडून बसली होती. मागच्या टोकाला अवघ्या दोन खुंट्या होत्या.

बाईंनी कागद काढला. "सही तुमची आहे. तुम्ही होतात त्या दिवशी?"

मेव्हणा चार पावलांवर उभा होता. मानेवरचा घाम पुसत जमिनीकडे बघत होता. होतो म्हटलं असतं तर कदाचित ताकीद देऊन सोडलं असतं. अठरा वर्षांत पहिलीच चूक. पण मग पुढचं सगळं रचावं लागलं असतं. कुठे उभा होतो, लक्ष कसं गेलं नाही. त्याच्या अंगात आता काहीच रचायचं त्राण नव्हतं.

"नव्हतो," तो म्हणाला. "मेव्हणा होता. मी न बघता सही केली."

त्याच संध्याकाळी मेव्हण्याला काढलं. ओळंबेकाकाचीही मुकादमी गेली. दुसऱ्या पुलावरचा एक तरणा मुकादम आला आणि हा त्याच्या हाताखाली ठोकळे लावू लागला.

घरी बातमी त्याच्या आधी पोचली होती.

"त्याचं नाव घ्यायची काय गरज होती?" बायकोने विचारलं.

"त्यांनी विचारलं."

"विचारलं म्हणून सांगायचं? माझ्या डोळ्यांपायी तुम्ही गेलात. माझं नाव घ्यायचं होतं."

"खोटं बोलायला अंगात बळ लागतं गं. नव्हतं माझ्यात."

"खरं बोलायला बरं होतं बळ!"

त्यानंतर तिने बोलणं टाकलं. जेवण वेळेवर, कपडे धुतलेले, पण शब्द नाही. काही सांगायचंच झालं तर ती फ्रिजला सांगायची. "दूध संपलंय." "गॅसला नंबर लावायला हवा." तो ऐकायचा आणि आणून द्यायचा. दिवसभर भरावावर वाकून जाळ्या ओढायच्या आणि संध्याकाळी त्या शांततेत जेवायचं. यांतलं जास्त जड काय, ते त्याला सांगता आलं नसतं.

पाच आठवड्यांनी मेव्हणा घरी आला. एका गोदामात माल चढवायचं काम मिळालं होतं त्याला, हातांना फोड आले होते. पाण्याचा तांब्या रिकामा करून तो बहिणीला म्हणाला, "ताई, भावजींवर राग नको धरूस. जाळी मीच तशी टाकली. तुझ्या डोळ्यांत औषध घातलंय कळलं, जीव राहीना. लवकर उरकून तुला बघायला आलो होतो ना."

बायकोचे डोळे भरून आले. तिने भावाच्या पाठीवरून हात फिरवला.

ओळंबेकाकाला तो दिवस आठवत होता. मेव्हणा आला होता हे खरं, पण त्याने रात्रीची भांडी घासून झाल्यावर, ती डोळ्यांवर फडकं ठेवून झोपली होती तेव्हा. भरावावरचं काम सहालाच थांबतं. मधले तास कुठे गेले, हे विचारता आलं असतं. मेव्हण्याने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"आला होता," ओळंबेकाका म्हणाला.

बायकोने वळून त्याच्याकडे बघितलं, पाच आठवड्यांत पहिल्यांदा सरळ. "अहो, मग हे आधी नाही का सांगायचं? उठा, पानं घेते."

त्या रात्री तिघं एकत्र जेवली. मेव्हण्याने गोदामातल्या सुपरवायझरची नक्कल केली आणि ती पोट धरून हसली. तोही हसला, थोडा उशिराने.

भिंत पुरी झाली, पुलावरून गाड्या सुरू झाल्या. पुढच्या कामावर इंजिनिअर बाईंनी त्याला बाजूला बोलावलं. "काका, इथे मुकादम म्हणून याल का? तुमच्यासारखी नजर कोणाकडे नाही."

त्याने समोर पाहिलं. आखलेल्या रेषेपलीकडे ठोकळ्यांच्या चळती उभ्या होत्या, चारेक हजार तरी असतील.

"मॅडम, मला ठोकळेच लावू द्या," तो म्हणाला. "दुसऱ्याने केलेलं बघत फिरायचं आता जमत नाही."

आणि गुडघा टेकून तो पहिल्या ठोकळ्याशी बसला.