कढीपत्त्यातलं बुलबुलाचं घरटं

लातूरच्या आमच्या घरामागे थोडी मोकळी जागा आहे. पोस्टातून निवृत्त झाल्यावर मी तिथे जास्वंद, कढीपत्ता आणि लिंबू लावलं. गेल्या वर्षी होळीच्या सुमाराला बुलबुलाच्या एका जोडीने जास्वंदीत घरटं बांधलं. त्यात तीन गुलाबीसर अंडी, वर तांबडे ठिपके. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी सारखी तिकडेच बघायची.

पाचव्या दिवशी सकाळी अंडी गायब झाली. घरटं मात्र जागच्या जागी होतं. दोन्ही बुलबुल कपड्यांच्या तारेवर बसून ओरडत होते.

पहिला संशय मांजरावर गेला. पण मांजराने घरटं विस्कटलं असतं. म्हणजे हात माणसाचा. भिंतीपलीकडे शिलाईकाम करणारं कुटुंब राहतं. तिथल्या भाभींशी माझा पंचवीस वर्षांचा शेजार. आठवड्यापूर्वीच त्या म्हणाल्या होत्या, "तुमचे पाखरं माझ्या वाळवणावर लई घाण करून राहिले बघा." एवढं मला पुरलं.

"त्या कशाला अंडी नेतील?" आमचे हे म्हणाले.

"मग कोणी नेली? तुम्ही?"

ते हसले आणि चाकूरला शेताकडे निघून गेले. मला जास्तच राग आला.

पुढे बुलबुलांनी भिंतीलगतच्या कढीपत्त्यात दुसरं घरटं केलं. भाभींच्या इतकं जवळ! मी त्यांना कढीपत्ता देणं बंद केलं. त्यांनी भिंतीवरून हाक मारली की मी नळ मोठा सोडायची, ऐकूच आलं नाही असं दाखवायची.

एका दुपारी खिडकीतून पाहिलं, तर भिंतीवरून आलेला त्यांचा हात कोपरापर्यंत कढीपत्त्यात होता. मी धावत बाहेर गेले, तोवर हात दिसेनासा झाला. घरट्यात दोन अंडी होती. पण भोवतीच्या फांद्यांना शिवायच्या दोऱ्याने बाभळीचे काटे बांधले होते. पाखरांना बसताच येऊ नये म्हणून ही युक्ती, असं मी ठरवूनच टाकलं. कात्री आणली आणि एकूण एक काटा काढून फेकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर भारद्वाज आला. काळं अंग, विटकरी पंख, लाल डोळे. सकाळी भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो, असं आमच्याकडे मानतात. माझे हात आपोआप जोडले गेले. ते तसेच जोडलेले असताना तो सावकाश कढीपत्त्यात शिरला, घरट्यात चोच घातली आणि एक अंडं उचललं.

मी ओरडत बाहेर पळाले. पलीकडून भाभीही काठी घेऊन धावल्या. भारद्वाज उडाला. एक अंडं वाचलं होतं.

"काटे कुठं गेले?" भाभींनी विचारलं. "मी बांधले होते की! जास्वंदीतले अंडे बी त्यानंच खाल्ले. मी बघितलं होतं. तुम्हाला किती आवाज दिला, तुम्ही ऐकलंच न्हाई."

"काटे मीच काढले."

"का?"

मी खाली पडलेला एक काटा उचलला. त्यांनी काठी खाली ठेवली.

"माझ्यावर वहीम होता का?"

"हाव," मी म्हणाले. "होता. चुकलं माझं."

त्या आत गेल्या. आता हा शेजार संपला, असं मला वाटलं. थोड्या वेळाने त्या दोऱ्याचं रीळ आणि काट्यांच्या डहाळ्या घेऊन आल्या. "धरा. हळू, टोचतील." दोघींनी मिळून काटे बांधले.

त्या अंड्यातून पिल्लू निघालं. मी रोज त्याच्यावर नजर ठेवून होते, पण ते उडालं तेव्हा नेमकी बाजारात गेले होते. परत आले तर घरटं रिकामं.

"उडालं," भाभी भिंतीवरून म्हणाल्या. "आधी तारेवर बसलं, मग लिंबाकडं गेलं. मी बघितलं ना."

खरंच उडालं असेल का, की या मला बरं वाटावं म्हणून सांगताहेत? क्षणभर माझ्या मनात आलंच. मग माझी मलाच लाज वाटली, आणि मी त्यांना पाटीभर कढीपत्ता तोडून दिला.