चार बोटं माया

सुलभाकाकू कुठलाही कपडा आधी उलटा करून बघायच्या. दुकानात, लग्नात, कुठेही. माझ्या मावसबहिणीच्या लग्नात त्यांनी सगळ्यांदेखत नवरीच्या ब्लाउजची बाही उलटी केली आणि ओठांत टाचण्या धरल्यासारखं तोंड करून म्हणाल्या, "वरसून झकास, आतसून वाट लागली."

घाटकोपरला त्या आमच्या शेजारच्या खोलीत राहायच्या. मूळच्या कणकवलीकडच्या. नवऱ्याची गिरणी बंद पडल्यावर शिलाई मशीन घेतलं आणि आसपासच्या शाळांच्या गॅदरिंगचे झगे, फ्रॉक, पऱ्यांचे पंख शिवत राहिल्या.

मी कंप्युटरवर गेम करते. मारामारीचा नव्हे, गोष्टीचा. चित्रं येतात, पात्रं बोलतात, पुढे काय करायचं ते खेळणारा निवडतो. माझी तेजू सातवीतली, घाटकोपरचीच. लॉकेटला हात लावला की चमचमत्या फ्रॉकमध्ये जादूची मुलगी होते आणि राक्षसांना लोळवते. नोकरी सांभाळून दोन वर्षं मी हे करत होते. अंधेरीला गेम करणाऱ्यांच्या मेळाव्यात तो मांडला, तेव्हा लोक "चित्रं मस्त आहेत ना" म्हणायचे आणि पाच मिनिटांत उठायचे. पुढच्या मेळाव्यातही असंच झालं तर हा नाद सोडायचा, असं मी ठरवून टाकलं होतं.

फ्रॉकच्या झालरीबद्दल विचारायला म्हणून लॅपटॉप काकूंपुढे ठेवला. तेजू हात उंचावते तिथेच त्यांनी मला थांबवलं. "चेडवा, ह्या बाहीत ता हात वर कसो करतला?" म्हटलं, काकू, जादू आहे ती. त्यावर म्हणाल्या, जादू हातात, बाही कापडाचीच ना? मग राक्षस आला. त्याच्याशी लढायचं की मैत्रिणीला वाचवायचं, असे दोन पर्याय होते. काकूंना दोन्ही नकोत. तेजूने आधी घरी जाऊन आईला सांगावं, असं त्यांचं म्हणणं. तसा पर्यायच मी ठेवला नव्हता.

"हिका घर नाय? भय नाय?" त्यांनी चष्मा काढला. "खंयच माया ठेवलंस नाय गो. उद्या वाढला तर उसवतला."

माया म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जास्तीचं कापड. मूल वाढलं की शिवण उसवायची आणि फ्रॉक सैल करायचा.

मला असा राग आला म्हणता! फ्रॉक शिवणाऱ्या बाईने मला गेम शिकवावा? आठ दिवस त्यांच्या दारावरून मान वळवून गेले. नवव्या दिवशी मुकाट्याने सगळा गेम पुन्हा उलटा करून बघितला, आणि म्हातारीचं बरोबर होतं. माझी तेजू चुकत नव्हती, घाबरत नव्हती, वाढतही नव्हती. मग सगळं उसवलं. आता तेजूचा फ्रॉक काखेत काचतो, ती हरते, रडत घरी येते. आई शिवण सोडवून देते आणि तेव्हा कुठे तिचा हात पुरता वर जातो.

मेळाव्यासाठी काकूंनी मला घालायला तेजूसारखा तस्साच फ्रॉक शिवून दिला आणि स्वतः ठेवणीतली साडी नेसून अंधेरीला आल्या. एक मुलगी शेवटपर्यंत खेळली आणि पुन्हा पहिल्यापासून खेळायला बसली. शेवटच्या नामावलीत "उलटतपासणी: सुलभाकाकू" अशी ओळ आली, तेव्हा मी त्यांना हाताला धरून पुढे ओढलं आणि सगळ्यांना सांगितलं, ह्याच त्या. एवढा अभिमान मला स्वतःचाही कधी वाटला नाही. काकू तोवर गेमचं पोस्टर उलटं करून मागची बाजू बघत होत्या.

गेल्या वर्षी काकू गेल्या. मेळाव्यापासून तो फ्रॉक कपाटातच होता. परवा उन्हात टाकायला काढला आणि हात आपोआप उलटा करायला गेला. आत दोन्ही बाजूंच्या शिवणींत चार-चार बोटं माया होती.

त्यांनी तो शिवला तेव्हा मी सव्वीस वर्षांची घोडी होते. मी अजून वाढणार, याची काकूंना खात्री होती.