काशियाबाडीच्या दोन बाटल्या

बाटल्यांवर नावं लिहिली शाईच्या पेनानं आणि बाटल्या ठेवल्या बर्फाच्या पेटीत. हे दोन्ही पराक्रम करणारा नमुनेवाला म्हणजे अस्मादिक. होडी जलंगी नदी ओलांडेपर्यंत बर्फाचं पाणी झालं आणि अकरा बाटल्यांपैकी दोन नावं धुऊन कोऱ्या करकरीत निघाल्या.

दुपारी मिनोतीदींनी तपासणी केली. नऊ बाटल्या ठीक. कोऱ्या दोनपैकी एकीत आर्सेनिक, मर्यादेच्या चौपट. एक बाटली काशियाबाडीच्या प्राथमिक शाळेच्या हातपंपाची, दुसरी तिथल्याच मंडलपाड्याच्या पंपाची. कुठली कुठली, ते बर्फालाच ठाऊक.

"काहीच आठवत नाही तुला?"

"दी, दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात."

"पाणीही सारखंच दिसतं रे. म्हणून तर सरकार मला पगार देतं."

एवढं बोलून त्या स्टुलावर बसल्या.

मिनोती हालदार या सरकारी पाणी-प्रयोगशाळेत बावीस वर्षं आहेत. त्यांचे वडील अशाच एका पंपाचं पाणी पिऊन गेले. आधी तळहातावर तिळाएवढे डाग, मग खवले, मग यकृत. शेजारी म्हणायचे, महारोग आहे, पोरीला लांब ठेवा. मिनोतीला बघायला आलेली पहिली मंडळी चेहरा सोडून हातच बघत बसली आणि संदेश मिठाई न खाताच उठली. त्यानंतर तिनं लग्नाचं नाव काढलं नाही, रसायनशास्त्राला नाव घातलं. लोक म्हणतात, बापासाठी शिकली. त्या स्वतः म्हणतात, भीतीपायी शिकले. काय पितोय ते कळल्याशिवाय घोट उतरेना.

हेडक्लार्क पानाचा तोबरा सांभाळत म्हणाले, "दोन्ही पंप बंद करायला सांगा. मिटलं."

"मिटलं?" दींनी वर पाहिलंच नाही. "दोन वर्षांमागे पलाशडांग्यात तेच केलं मी. शंका आली, दोन्ही बंद. लोक गेले पुकुरावर, उघड्या तळ्यावर. चार दिवसांत हगवण. दीड वर्षाचं पोर गेलं. आणि पंप दोन्ही चांगले निघाले."

कोणी त्यांना दोष दिला नव्हता. त्या पोराच्या आईनंही नाही. तेच त्यांना सोसलं नव्हतं.

बाहेर कालबैशाखी, चैत्र-वैशाखातलं वादळ, घोंगावू लागली होती. घाटावरून निरोप आला, आज होडी नाही. दींनी शाळेच्या हारुन मास्तरांना फोन लावला.

"हारुनभाई, उद्या शाळा किती वाजता?"

"उन्हाळ्याची सकाळचीच ना दिदी, साडेसहाला. का हो, साहेब येणार आहेत? भातात अंडं घालायला सांगू?"

"नको. सांगते मागाहून."

पहिली होडी सातला. तोवर पोरांचं पाणी पिऊन, वर भाताचं आधण ठेवून झालेलं असणार. आणि चुकीचा पंप बंद केला, तर अख्खा मंडलपाडा शाळेच्या पंपावर येणार. म्हणजे विषावरच.

मग त्यांनी कपाटातून स्वतःची वही काढली. सरकारी रजिस्टरात आर्सेनिकपुरताच रकाना. दी मात्र प्रत्येक पंपाचं लोह, जडपणा, क्षारही टिपून ठेवतात. आम्ही त्या वहीला पाण्याच्या कुंडल्या म्हणायचो. मंडलपाड्याचा पंप गोठ्याला लागून, त्यात क्षार शाळेच्या तिप्पट. तेवढं मोजलं की ओळख पटणार होती. पण त्याला लागतं सिल्व्हर नायट्रेट आणि आमची बाटली सहा महिने रिकामी होती.

दी भर वाऱ्यात समोरच्या कॉलेजात गेल्या. मी मागे छत्री घेऊन. ती उलटी झाली ते सोडा.

तिथले रसायनशास्त्राचे प्राध्यापक ब्रजगोपालबाबूंनी शंभर मिलीलिटर मोजून दिलं. "मिनोती, हे उसनं हं. माझ्या पोरांचं प्रॅक्टिकल आहे."

"आठवड्यात देते, सर."

थेंब थेंब सोडत त्यांनी मोजणी केली. पिवळ्याचं विटकरी झालं की नळी बंद. एकदा केलं, दुसऱ्यांदा केलं. तिसऱ्यांदा केलं तेव्हा मी म्हटलं, "दी, उत्तर तेच येतंय."

"येऊ दे. मला ते नको आहे, म्हणूनच पुन्हा मोजतेय."

आर्सेनिकच्या बाटलीत क्षार कमी होते. लोह मोजलं, जडपणा मोजला. सगळं वहीतल्या शाळेशी जुळलं. त्यांनी फोन उचलला.

"हारुनभाई, शाळेचा पंप साखळीनं बांधा. आत्ता. पोरांना मंडलपाड्याचं पाणी द्या."

मास्तर म्हणाले, "माझी धाकटी त्याच शाळेत आहे, दिदी. कधीपासून पितायत?"

दींनी वही चाळली. मागची तपासणी चौदा महिन्यांपूर्वीची, तेव्हा पाणी चांगलं होतं. त्यांनी तसं सांगितलं. त्यानंतरचं अधलंमधलं काही त्यांना माहीत नव्हतं, आणि तेही सांगितलं.

सकाळी पहिल्या होडीनं आम्ही गेलो. पंपाला सायकलची साखळी होती. नवा नमुना घेतला, या खेपेला नावं मेणाच्या पेन्सिलीनं. दुसऱ्या दिवशी आकडा तोच आला आणि पंपाचं तोंड लाल रंगवलं. रंगवण्याआधी दींनी बेचाळीस पोरांचे तळहात उजेडात धरून पाहिले. सगळे स्वच्छ. पोरं खिदळत होती. दी हसल्या नाहीत. डाग दिसायला वर्षं लागतात. वहीच्या नव्या पानांवर त्यांनी बेचाळीस नावं लिहिली. दर चैत्रात हात बघायचे.

सिल्व्हर नायट्रेटची मागणी अजून वरच्या कचेरीतच आहे. ब्रजगोपालबाबूंचे शंभर मिलीलिटर द्यायचे राहिलेत. आर्सेनिकला न चुकवणाऱ्या मिनोतीदी कॉलेजच्या फाटकावरून जाताना छत्री त्या बाजूला धरतात.