दगडांमागचं पाणी

शालिकरामजींनी आयुष्याची एकतीस वर्षं समुद्र पुसण्यात घालवली. कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते मदतनीस होते. कपाटांतल्या बरण्या काढायच्या, फडक्यानं पुसायच्या, परत जागच्या जागी ठेवायच्या. बरण्यांत औषधाच्या पाण्यात बुडालेले तारामासे, समुद्रघोडे आणि हाडासारखी पांढरी प्रवाळं. मोठी बरणी मागे भिंतीला टेकवून, लहान पुढे, चिठ्ठी बघणाऱ्याकडे. ही मांडणी त्यांच्या हातात इतकी मुरली होती, की घरातले लोणच्याचे डबेही तसेच उभे असायचे.

खरा समुद्र त्यांनी एकदाच पाहिला. मुलांची सहल रत्नागिरीला गेली, तेव्हा बादल्या उचलायला तेही गेले होते. ओहोटी लागली होती. खडकातल्या एका डबक्यात समुद्रफूल उघडलं होतं; नावाला फूल, पण जिवंत प्राणी. वारा नव्हता, तरी त्याच्या शेकडो पाकळ्या इकडून तिकडे, तिकडून इकडे झुलत होत्या. शालिकरामजी गुडघाभर पाण्यात उभे राहून बघतच राहिले. मग सरांनी सांगितलं तसं त्यांनीच ते खरवडून काढलं, बरणीत घातलं, वरून औषध ओतलं. झुलणं थांबलं. बरणीवरची चिठ्ठीही त्यांच्याच हातची.

निवृत्त झाले त्या दिवशी हार गळ्यातून काढायच्या आधीच ते बायकोला म्हणाले, "प्रेमिला, मले हे बरणीतलं एकदा जितं पाहाचं आहे."

अशी प्रताप नगरच्या त्यांच्या दोन खोल्यांत तीन फुटी काचेची टाकी आली. दर रविवारी सकाळी शालिकरामजी बादलीत गाळलेलं पाणी घेत, त्यात समुद्री मीठ टाकून कालवत बसत. बोट बुडवून जिभेला लावत, उगीचच.

"लोकायच्या घरी रविवारी मटन शिजते," प्रेमिलाबाई म्हणायच्या, "आमच्या घरी समुद्र."

दगड बसले, वाळू पसरली, दोन केशरी मासे आले. मग माशांच्या दुकानातल्या ऋषिकेशनं एक प्रवाळ आणून दिलं. दुकानात त्याला टॉर्च म्हणतात. सोनेरी टोकांच्या लांब पाकळ्या, पाणी हललं की डोलणाऱ्या. दुपारी जेवण झालं, की शालिकरामजी टाकीसमोर चटईवर आडवे होत. निळा उजेड छतावर हलत राही. डोळा लागता लागता त्यांना वाटायचं, कॉलेजची कपाटं पाण्याखाली गेली आहेत, बरण्यांची झाकणं एकेक करून अलगद वर तरंगताहेत, आणि आतलं पांढरं सगळं हळूहळू रंग धरतंय. जाग आली तरी पाण्याचा आवाज तोच असायचा. कुठून इकडे आलो, ते समजायला जरा वेळ लागायचा.

फेब्रुवारीत टॉर्च मिटायला लागलं. आधी थोडं, मग रोज थोडं जास्त. वाळूवर लालसर, बुळबुळीत साय धरू लागली.

"काकाजी, पाणी कमी फिरून राहिलं," ऋषिकेश येऊन बघून म्हणाला. "साचल्या जागी घाण बसते. मोठी मोटर लावा."

मोठी मोटर लावली. वाळू उडाली, मासे दगडाखाली दडले, आणि टॉर्च झोताखाली पार आवळून गेलं. साय मात्र हलली नाही. चार दिवसांनी एका पाकळीच्या बुडाशी हाड दिसलं. तो पांढरा रंग शालिकरामजींच्या चांगल्याच ओळखीचा होता. त्यांनी मोठी मोटर काढून ठेवली, जुनी लहान परत लावली.

"हे गेलं ना, तर टाकी रिकामी करतो," ते म्हणाले. "मेलेलं सांभाळणं लय झालं माझं."

त्या दिवशी त्यांच्या घरी कूलर निघाला होता. होळी झाली होती. वाळ्याची नवी खस लावून, पाणी भरून तो खिडकीत बसवला होता. तासाभरात खोली नुसती चिपचिपीत झाली.

"का जी, मागचं दार काहून लावलं?" प्रेमिलाबाई पदरानं मान पुसत म्हणाल्या. "हवेले निघाले जागा नाही, तर कूलर काय करीन बिचारा?"

त्यांनी उठून दार उघडलं. परत येताना टाकीपाशी थबकल्या.

"तुमच्या पाण्याचंही तेच आहे."

"म्हणजे?"

"तुम्ही समोरून पाहता. मी मागून झाडते." टाकी आणि भिंत यांच्यात हातभर जागा होती, पुसता यावं म्हणून ठेवलेली. "या, इकडून पाहा."

शालिकरामजी पोट आत ओढून तिथं शिरले. मागच्या काचेला दगड अगदी चिकटून उभे होते. मोठे मागे, लहान पुढे. दगड आणि काच यांच्यामध्ये माशांचं खाणं, विष्ठा, काळपट गाळ, सगळं थरांनी बसलं होतं. टॉर्चची पाठ त्या गाळाला लागली होती. प्रेमिलाबाईंनी वरून खाण्याची चिमूट सोडली. समोरचे दाणे मोटरीच्या झोतासोबत पळाले, दगडांना थडकून परतले. मागे पडले ते जागचे हलले नाहीत.

"भिंत बांधली जी तुम्ही."

दगडांची ती भिंत शालिकरामजींनी लावली नव्हती; त्यांच्या हातांनी लावली होती, न विचारता. बरणीतल्या वस्तूभोवती पाण्याला वाट ठेवावी लागत नाही.

"आता हलवलं, अन् धक्क्यानं मेलं तर?"

"न हलवता काय जगून राहिलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बाह्या सारल्या. गाळ नळीनं ओढून काढला. एकेक दगड चार बोटं पुढे घेतला, मध्ये कमानीसारखी फट ठेवली. टॉर्चचा दगड त्यांनी दोन्ही तळहातांवर उचलला, तसा श्वास रोखूनच धरला. जुनी लहान मोटर फिरवून समोरच्या काचेकडे तोंड करून लावली. पाणी आता काचेवर आपटून फुटायचं, पसरायचं, फटीतून मागे जायचं आणि दुसऱ्या कडेनं पुढे यायचं. झोत कुठेच नव्हता; सगळीकडे नुसतं हलकं, घोटाळणारं पाणी.

"समोरून काही चांगलं नाही दिसून राहिलं," शालिकरामजी म्हणाले. सगळं वाकडंतिकडं, पाठमोरं.

"राहू द्या तसंच."

पहिल्या आठवड्यात काहीच झालं नाही. टॉर्च मुठीसारखं मिटलेलं. शालिकरामजी दुपारी आडवे व्हायचे, पण डोळा लागत नसे. अकराव्या दिवशी प्रेमिलाबाई मागून झाडत होत्या. झाडूचा आवाज मध्येच थांबला.

"अजी."

ते धावले. दोघं मावेनात, म्हणून त्या बाहेर आल्या आणि ते आत शिरले. उजेड पाण्यातून वाकून भिंतीवर पडला होता. भिंतीकडच्या अंगानं, जिथं कुणी पाहुणा कधी बघणार नव्हता, तिथं सात-आठ सोनेरी टोकं बाहेर आली होती. अजून आखूड होती. इकडून तिकडे. तिकडून इकडे. उघडं पडलेलं हाड तसंच होतं, पण त्याच्या कडेला पाकळ्या डोलत होत्या.

किती वेळ गेला कोण जाणे.

"निघा ना आता, मले पाहू द्या," बाहेरून प्रेमिलाबाई म्हणाल्या.

ते निघाले. त्या आत शिरल्या. पदर टाकीच्या ओल्या नळीला लागू नये म्हणून शालिकरामजींनी त्याचं टोक हातात धरून ठेवलं. कुकरची तिसरी शिट्टी झाली. मग चौथी.

"दिसलं का वं?"

"थांबा ना जी," त्या काचेला नाक लावून म्हणाल्या. "पाहून राहिली."