आत्याचं हक्कसोडपत्र

आजोबा गेले आणि बोर्ली पंचतनजवळच्या त्यांच्या नारळाच्या वाडीला वारसांची नावं लावायची वेळ आली. तलाठ्याने बाबांचं आणि माणगावच्या आत्याचं, अशी दोन नावं चढवली. बाबांच्या लेखी आत्याचं नाव चार दिवसांचं पाहुणं होतं. आपला वाटा ती भावाला सोडणार आणि हक्कसोडपत्रावर सही करणार, हे त्यांनी तिला न विचारताच ठरवून टाकलं होतं.

दस्त नोंदवायच्या दिवशी आत्या ठेवणीतली साडी नेसून आली. बाबांनी तिला आल्याआल्या चहा पाजला, पंख्याखालची खुर्ची दिली. नोंदणी अधिकाऱ्यांनी कागद चाळले आणि नेहमीच्या सुरात विचारलं, "आजी, हक्क राजीखुशीने सोडताय ना?"

"न्हाय," आत्या म्हणाली.

बाबांना वाटलं, तिला नीट ऐकू आलं नसेल. "ताई, हो म्हणायचं असतं," ते कुजबुजले.

"मग विचारतात कशाला?"

अधिकाऱ्यांनी हसू लपवायला चष्मा पुसला आणि दस्त परत केला.

परतताना गाडीत बाबा परत आलेला दस्त पुन्हापुन्हा चाळत होते. मी खिडकीबाहेर बघत बसले, कारण साहेब असं विचारतात आणि तेव्हा नाही म्हणता येतं, हे आदल्या दिवशी मीच आत्याला फोनवर सांगितलं होतं. मलाही एक भाऊ आहे.

आता सातबाऱ्यावर दोघांचीही नावं आहेत. आत्या दर महिन्याला वाडी बघायला येते आणि बाबांना झावळ्या गोळा करायला लावते.