विलास सरांच्या नावावरची दोन पुस्तकं

विलास सर गेल्याचं मला कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. आदल्याच दिवशी मी त्यांना विचारलं होतं, 'पुस्तकं कधी आणताय?' तो निरोप त्यांनी वाचलेला नाही, हे पाच आठवड्यांनंतरही मोबाइलवर दिसतं...

ओतूरच्या आमच्या कॉलेजात ते संगणक शिकवायचे, मी ग्रंथपाल. ग्रंथालयाचा प्रोग्रॅम त्यांनी लिहिला आणि मला शेजारी बसवून त्यातलं बरंच शिकवलं. मी लिहिलेल्या भागात मी सगळंच 'पब्लिक' ठेवलं होतं, कुठूनही हात घालता यावा म्हणून. मग कुणीतरी एका सदस्याचं नाव परस्पर खोडलं आणि त्याच्याकडची पुस्तकं कायमची गेली. "लई भोळ्या तुमी, मॅडम," सर हसले. "ओट्यावर कुनीबी बसंल, ते पब्लिक. सैपाकघरात घरचीच मानसं, ते प्रोटेक्टेड. कपाटाची किल्ली मातर मालकाच्याच कंबरंला. ते प्रायव्हेट." सदस्याची नोंद त्यांनी प्रायव्हेट करून टाकली. तेव्हापासून पुस्तकं परत आल्याशिवाय कुणाचंच नाव काढता येत नाही, मलासुद्धा नाही. बाहेरच्यानं फक्त विचारायचं, आतून ठरलेलं तेवढंच उत्तर येतं.

उन्हाळ्यात ते दोन पुस्तकं घेऊन मोठ्या रजेवर गेले. शेताची कामं आहेत म्हणाले. दर पंधरा दिवसांनी त्यांचा फोन यायचा, "मॅडम, मुदत वाढवा." एकदा मी चिडवलं, "वाचताय की पाठ करताय?" म्हणाले, "पाठच करतोय. परीक्षा हाय न्हवं माझी." आवाज खोल गेलेला वाटला, म्हणून तब्येत विचारली. "बरी हाय की." मी बटण दाबून मुदत वाढवली आणि पुढच्या कामाला लागले.

दहाव्याला मी त्यांच्या गावी, पिंपळवंडीला गेले, तेव्हा त्यांचे थोरले भाऊ म्हणाले, "पुन्याच्या दवाखान्यातनं करायचा तुमाला फोन. आमाला समद्यांना ठावं व्हतं. भाईर बोलायचं न्हाई म्हनला." भावजयांना माहीत होतं, पुतण्यांना माहीत होतं. बारा वर्षं एका टेबलावर डबा खाल्लेली मी मात्र ओट्यावरचीच. तिथे रडू आलं नाही, राग आला. तो अजून गेलेला नाही. स्वतःचाही येतो. 'बरी हाय की' हे ठरलेलं उत्तर आहे, हे मला कळायला हवं होतं. ते मला त्यांनीच तर शिकवलं होतं.

पुस्तकं घरात सापडली नाहीत. रोज सकाळी ग्रंथालयातला संगणक सुरू केला की मुदत संपलेल्यांच्या यादीत पहिलं नाव त्यांचं येतं, लाल अक्षरांत. प्रोग्रॅमची मूळ फाइल माझ्याकडे आहे. 'प्रायव्हेट' हा एक शब्द बदलला तर नाव काढता येईल. मी बदलत नाही. मुदत वाढवायचं बटण तर माझ्यासाठी उघडंच आहे. तेही मी दाबत नाही. त्यासाठी त्यांचा फोन यायला हवा.